स्टालिनग्राडचा लढा : सैनिक व नागरिकांच्या सहभागाचे स्वरूप

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढ्यास निर्णायक स्थान आहे. या विजयाचे श्रेय प्रामुख्याने सोव्हिएत सेनानींनी टाकलेल्या वेढ्याला दिले जाते. तथापि वेढ्याच्या तयारीसाठी लागणारा वेळ शहराने कोणती किंमत देऊन मिळवून दिला, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी :
कॉकेशसमधील तेलसाठे ताब्यात घेण्यासाठी जर्मनीने २८ जून १९४२ रोजी दक्षिण रशियात मोहीम सुरू केली. व्होल्गाकाठचे स्टालिनग्राड हे औद्योगिक केंद्र होते आणि व्होल्गेतून उत्तरेकडे तेलाची वाहतूक होत असे. म्हणूनच हे शहर आक्रमणाचे लक्ष्य ठरले.

नागरिकांचा सहभाग :
उन्हाळ्यात शहरातील स्त्री-पुरुषांनी संरक्षणासाठी खंदक खणले. २३ ऑगस्ट रोजी भीषण बॉम्बवर्षाव झाला. त्याच दिवशी जर्मन रणगाडे शहराच्या उत्तरेस व्होल्गेपर्यंत पोहोचले. विमानविरोधी तोफांवर नेमलेल्या तरुण मुलींनी त्याच तोफा रणगाड्यांवर रोखल्या. ट्रॅक्टर कारखान्यातील कामगार रणगाडे तयार करीत होते. त्यांच्यापैकी अनेकांनी हाती शस्त्र घेतले. सप्टेंबरपासून जनरल चुइकोव्ह यांच्या ६२ व्या सेनेने घराघरांतून लढा दिला. तिला लागणारी कुमक व दारूगोळा भडिमारातून नदी ओलांडून येत असे.

त्याग आणि सक्ती :
या लढ्याचे केवळ गौरवपर चित्रण अपुरे ठरते. बॉम्बवर्षावापूर्वी नागरिकांचे व्यापक स्थलांतर झाले नव्हते. परिणामी हजारो निरपराध लोक मृत्युमुखी पडले. २८ जुलैच्या २२७ क्रमांकाच्या आदेशाने परवानगीविना माघार घेणाऱ्यांसाठी कठोर शिक्षा ठरविल्या होत्या. स्वदेशरक्षणाची जिद्द आणि शासनाची सक्ती या दोन्ही प्रेरणा एकाच वेळी कार्यरत होत्या.

निर्णायक टप्पा :
शत्रूचे बळ शहरात गुंतून पडले असताना १९ नोव्हेंबर रोजी सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला. चार दिवसांत जर्मन सहावी सेना वेढली गेली. २ फेब्रुवारी १९४३ रोजी प्रतिकार संपुष्टात आला. सुमारे ९१,००० सैनिक बंदी झाले. मात्र या लढ्यात सोव्हिएत बाजूचे मृत व बेपत्ता सैनिकही सुमारे ४ लाख ७८ हजार होते. महाराष्ट्रात अण्णा भाऊ साठे यांनी या लढ्यावर 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला.

निष्कर्ष :
वेढ्याची योजना सेनानींची होती; परंतु तिला अवधी मिळवून दिला तो सामान्य सैनिक, कामगार व स्त्रियांनी. त्यांच्या शौर्याबरोबर त्यांच्यावर लादलेल्या यातनांची नोंद घेतल्याशिवाय या विजयाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.