रक्ताचा वारसा आणि कन्येचा वाटा

वारसाहक्काच्या दाव्यांत आयुष्याची वर्षे घालविलेल्या वकिलास ‘वारसा’ हा शब्द ऐकताच जमीनजुमला, घरदार आणि दागदागिने यांचीच आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु मातापित्यांकडून अपत्याकडे येणारी एक ठेव अशी आहे की जिचे मृत्युपत्र कोणी करू शकत नाही व जिची वाटणी कोणत्याही न्यायासनापुढे होत नाही. ही ठेव कधी कधी निव्वळ ऋण असते. अशाच एका ऋणाचा इतिहास वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

नॉर्वेमधील ओस्लो येथील डॉक्टर कार्ल म्यूलर यांनी १९३८ च्या सुमारास १७ कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली. या कुटुंबांतील अनेकांच्या स्नायुबंधांवर पिवळसर गाठी होत्या, रक्तात कोलेस्टेरॉल फार होते आणि हृद्रोगाने त्यांना लवकर गाठले होते. ही तिन्ही लक्षणे एकाच वंशदोषाची आहेत, असे म्यूलर यांनी दाखविले. पुढे १९६४ मध्ये बैरुत येथील खाचादुरियन यांनी लेबनॉनमधील कुटुंबे तपासून असे सिद्ध केले की, हा दोष एकाच पालकाकडून आला तर कोलेस्टेरॉल बरेच वाढते. दोघांकडूनही आला तर रोग बालपणीच उग्र रूप धारण करतो.

यामागील कारण उलगडण्याचे श्रेय अमेरिकेतील डॅलस येथील ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांकडे जाते. यकृतादी पेशींच्या पृष्ठभागावर रक्तातील कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी जणू द्वारे असतात, असे त्यांना १९७३-७४ मध्ये आढळले. एका जनुकात बिघाड असेल तर निम्मी द्वारे निकामी होतात आणि कोलेस्टेरॉल रक्तातच साठत राहते. या शोधाबद्दल त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रांशी त्याचा संबंध नाही. म्हणून पुत्र असो वा कन्या, प्रत्येक अपत्याकडे दोष येण्याचा संभव सारखाच, म्हणजे निम्मा असतो. आपल्या कायद्याने हिंदू कन्येला पित्याच्या संपत्तीत वाटा दिला तो १९५६ मध्ये, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत पुत्राइतका हक्क दिला तो २००५ मध्ये. निसर्गाने मात्र या ऋणाची समान वाटणी आधीपासूनच करून ठेविली होती.

तथापि वाटा समान असूनही त्याची नोंद समान झाली नाही. ऋतुकाल चालू असेतो स्त्रीदेहातील इस्ट्रोजेनमुळे ही द्वारे अधिक कार्यक्षम राहतात व रोग काही वर्षे मागे सरतो. उपचाराविना असलेल्या अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांस पन्नाशीपर्यंत हृद्रोग होतो. स्त्रियांत साठीपर्यंत सुमारे तीस टक्क्यांस. या विलंबावरून ‘हा पुरुषांचा रोग’ असा समज रूढ झाला. फ्रेमिंगहॅम येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध पाहणीतील ५,२०९ व्यक्तींत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या, हे खरे. परंतु १९८२ मध्ये ज्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगात १२,८६६ पुरुष होते, स्त्री एकही नव्हती. स्त्रियांचा समावेश करावा असा कायदा त्या देशात १९९३ मध्ये करावा लागला.

वास्तविक उपचाराच्या इतिहासात स्त्रीचे स्थान अग्रभागी आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये बुरशीतून कोलेस्टेरॉल उतरविणारे द्रव्य शोधले. ते १९७८ मध्ये ओसाका येथे प्रथम देण्यात आले ते दोन्हीकडून दोष आलेल्या अठरा वर्षांच्या एका तरुणीस. तिच्या स्नायूंना त्रास झाला, मात्रा कमी करावी लागली. पण मार्ग खुला झाला आणि १९८७ मध्ये अमेरिकेत या जातीच्या पहिल्या औषधास मान्यता मिळाली. पुढे २००६ मध्ये डॅलसच्याच संशोधकांनी एका निरोगी स्त्रीची नोंद केली. तिचे घातक कोलेस्टेरॉल अवघे १४ होते. कारण ही द्वारे नष्ट करणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती तिच्या ठायी निष्क्रिय होत्या. त्या जनुकावर आधारलेली औषधे २०१५ पासून उपलब्ध आहेत. सारांश, वारशात ऋण येते तसे धनही येते.

आता आपल्या घरांकडे वळू. दर अडीचशे-तीनशे माणसांमागे एकास हा दोष असतो. आपले कुलवृत्तांत प्रायः पुरुषांवरून वंश मोजतात. लेक सासरी गेली की तिचे नाव बदलते आणि तिची कथा त्या पानावरून पुसली जाते. आजोळच्या मामास वा मावशीस ऐन उमेदीत हृदयविकाराने का गाठले, हे भाचीस बहुधा ठाऊकच नसते. डॉक्टरांस मात्र नेमकी तीच माहिती हवी असते. ज्या घराण्यात पुरुषास पंचावन्न वा स्त्रीस पासष्ट वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तेथील मुलींची रक्तपरीक्षा मुलांप्रमाणेच वेळीच व्हावी. गर्भारपणात ही औषधे बहुधा थांबवावी लागतात. म्हणून निदान विवाहापूर्वीच झालेले बरे.

कुलदेवतेच्या उत्सवास सारे कुटुंब जमते, तेव्हा माहेरवाशिणीही येतात. त्या प्रसंगी वंशावळीच्या वहीत त्यांची, त्यांच्या मुलांची आणि गेलेल्यांच्या आजारांची नोंद करून घ्यावी. देणे कोणाकडे आले आहे हे कळल्यावाचून ते फेडण्याची तजवीज करता येत नाही.