आजी, तिची गडणी आणि आपला इतिहास

दलित चळवळीचा इतिहास आपण सांगतो तेव्हा त्यात सन असतात, सभा असतात, ठराव असतात आणि पुढाऱ्यांची नावे असतात. 20 मार्च 1927 चे चवदार तळे, 20 जुलै 1942 ची नागपूरची महिला परिषद, 14 ऑक्टोबर 1956 ची दीक्षाभूमी हे टप्पे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध करून चळवळीतल्या स्त्रियांना त्यांच्या नावानिशी इतिहासात आणून बसवले. पण ज्या स्त्रिया कुठल्याच परिषदेला गेल्या नाहीत, ज्यांचे भाषण कुठे छापले गेले नाही, त्यांनी आपापल्या वाड्या-वस्त्यांवर काय बदलले याचा हिशेब अजून मांडायचा आहे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझी आजी निरक्षर होती, आणि तिची आयुष्यभराची मैत्रीणही. आजी आम्हा बौद्धांच्या वाड्यातली, मैत्रीण मांगवाड्यातली. आजी तिला ‘गडणे’ अशी हाक मारी, म्हणून आम्ही पोरे तिला गडणआजी म्हणत असू. या दोघींविषयी मी लिहिते आहे ते केवळ मायेपोटी नव्हे. त्यांच्या मैत्रीत आपल्या चळवळीचा एक न सुटलेला प्रश्न गुंतलेला आहे. तो म्हणजे अस्पृश्यांतल्या अस्पृश्यतेचा प्रश्न.

नांदेड जिल्ह्यातले आमचे गाव निजामाच्या राज्यातले. आजीला आपले जन्मसाल ठाऊक नव्हते. रझाकारांच्या धामधुमीत, म्हणजे 1948 साली, ती शेण-गोवऱ्या वेचायच्या वयाची होती एवढे ती सांगे. चार-पाच वर्षांनी ती लग्न होऊन या गावात आली, आणि त्याच उन्हाळ्यात मांगवाड्यातही एक नवी सून आली. गावची विहीर दोघींनाही बंद. महारांची स्वतःची विहीर ओढ्याकाठी होती; मांगांना तीही नव्हती. मांगवाड्यातल्या बाया महारांच्या विहिरीपासून पाच-सहा हातांवर घागरी मांडून बसत. महाराची एखादी बाई मनात आले तर पोहरा ओढी आणि वरून, आपल्या भांड्याला त्यांची घागर लागू न देता, पाणी ओती. सासूने हे काम नव्या सुनेच्या गळ्यात घातले. अशा रीतीने माझी आजी रोज सकाळी ‘पाणी वाढणारी’ झाली, आणि गडणआजी पाण्यासाठी बसणारी.

गावकऱ्यांनी आपल्या लोकांना विहिरीवर जे भोगायला लावले, तेच आपल्या लोकांनी आणखी खालच्या पायरीवर ढकलून दिले. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याच अर्थाने. प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी ठेवलेला असतो, म्हणून प्रत्येकाला आपल्या डोक्यावरचे ओझे थोडे हलके वाटते. ही गोष्ट मी पदव्युत्तर वर्गात पुस्तकातून शिकले. आजीने ती विहिरीच्या काठावर पाहिली होती.

तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती. ज्या दोराने पोहरा विहिरीत जाई तो दोर मांगवाड्यातच वळलेला असे. अंबाडीचा वाख काढायचा, पिळायचा, दोर, दावी, कासरे, चऱ्हाटे वळायची, केरसुण्या बांधायच्या, हलगी वाजवायची, बायांनी सुईणपण करायचे ही मांगांची गावकी. त्यांच्या हाताने वळलेला दोर दिवसभर आमच्या पाण्यात भिजत होता. त्याचा विटाळ नव्हता. विटाळ फक्त हाताचा होता. आजी म्हणायची, “दोर चालतो आन् हात चालत न्हाई, ह्ये कोन्च्या देवानं सांगितलं?”

1956 साली नागपुरात धर्मांतर झाले. आमच्या वाड्यात दीक्षेचा कार्यक्रम पुढल्या उन्हाळ्यात झाला. देव्हाऱ्यातले टाक ओढ्यात सोडले गेले, मेलेली जनावरे ओढायची नाहीत असे ठरले. लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांत सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर घागरी नेहमीसारख्याच पाच-सहा हातांवर मांडलेल्या होत्या. गडणआजीने आजीकडे पाहून म्हटले, “तुमचा धरम बदलला गं, पर आमची घागर हाय तिथंच हाय.”

आजीने पोहऱ्याचा दोर तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “घे, वढ तूच.”

एवढीच घटना. ना ठराव, ना घोषणा. पण तिची किंमत आजीने मोजली. सासूने तिच्या हातचे खाणे काही दिवस बंद केले. वाड्यातल्या बायांनी ती विहिरीवर आली की आपल्या घागरी बाजूला घेतल्या. पंच मंडळी आजोबांना बोलावून म्हणाली की बाईला आवरा. यातल्या बऱ्याच जणांनी नुकत्याच त्याच प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. त्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. धर्म एका दिवसात सोडता येतो. पण हाडीमासी खिळलेली उतरंड उतरायला कोणाला तरी रोज पोहरा दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. आजीने तो रोज दिला. चार-सहा वर्षांनी बाकीच्या बायांचा विरोध मावळला. त्या पटून गप्प झाल्या की कंटाळून, हे आजीलाही सांगता येत नसे.

मैत्री म्हणजे गोडीगुलाबी नव्हे हेही इथे नोंदवले पाहिजे. गडणआजी बौद्ध झाली नाही. तिने मरीआई सोडली नाही, आणि आजीने तिला त्यावरून टोचणे सोडले नाही. “तुमी शिकला, पुढं गेला, मागं वळून बघितलं का?” हा गडणआजीचा प्रश्न. “आमी बलावलं तवा तुमी आला का?” हे आजीचे उत्तर. आजही आपल्या व्यासपीठांवर हाच वाद चालतो. फरक एवढाच की त्या दोघी वाद संपल्यावर एका ताटात जेवत.

1972 च्या दुष्काळात ओढ्याकाठची विहीर आटली. सरकारने रस्त्यांची, पाझर तलावांची कामे काढली. दोघी एकाच कामावर खडी फोडायला गेल्या. रेशनवर मिलो, पोरांना सुकडी, आणि उन्हात ठेवलेले पाण्याचे रांजण. दुष्काळाने सगळ्या जातींना एका हजेरीपटावर आणले, पण रांजण वेगळेच राहिले. सवर्ण बायांचा एक, आपल्या बायांचा एक, आणि मांगांच्या बायांना कुणीतरी ओतील तेव्हा. आजीने आपल्या रांजणात गडणआजीला तांब्या बुडवायला लावला आणि त्याच तांब्याने स्वतः पाणी प्याली. या वेळी कोणी काही बोलले नाही. दगड फोडून घसे सर्वांचेच कोरडे पडले होते.

या पाण्याची परतफेड झाली 1978 मध्ये. 27 जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटू लागल्या. आमच्या वाड्यातलीही घरे जळाली. माझे वडील तेव्हा चौदा वर्षांचे. त्या रात्री गडणआजीने आजीला आणि चारही लेकरांना आपल्या झोपडीत, वळलेल्या दोरांच्या ढिगामागे दडवले. मांगवाड्याला आदल्या दिवशीच ताकीद मिळाली होती की यात पडू नका. ती पडली. पुढे कित्येक महिने आमच्या वाड्यावर बहिष्कार होता. ना काम, ना उधारी. मीठ आणि घासलेट मांगवाड्यातून येई, तिच्या पदराआडून.

नामांतराच्या इतिहासात आपण शहीद म्हणून ज्यांचे स्मरण करतो, त्यांतले नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मातंग समाजाचे होते. ऑगस्ट 1978 मध्ये त्यांची हत्या झाली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. त्या कमानीखालून आत जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे नाव लक्षात ठेवावे. हा लढा एका जातीचा नव्हता.

तो कधीच नव्हता. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहिला, तो मांग आणि महार दोघांच्या दुःखाविषयी. एका जातीच्या मुलीने दोन जातींची वेदना एका निबंधात मांडली. शंभर वर्षांनी अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ ही मांगांच्या बंडाची कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपल्या परंपरेत दोर असा दोन्ही बाजूंनी वळलेला आहे.

आज तो उसवतो आहे. 14 एप्रिल एका वाड्याचा आणि 1 ऑगस्ट दुसऱ्या वाड्याचा झाला आहे. 1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची मुभा दिली. तेव्हापासून माझ्या वर्गातली मुले दोन बाकांवर बसून एकमेकांचे हिशेब काढतात. वाट्याचा प्रश्न खोटा नाही. ज्याची घागर विहिरीपासून दूर राहिली त्याने ती का राहिली हे विचारलेच पाहिजे, आणि ज्याच्या हातात पोहरा आहे त्याने ते ऐकलेच पाहिजे. पण विहीर मुळात कोणी अडवली, हे विसरून हा वाद झाला तर त्याचा लाभ तिसऱ्यालाच होईल.

आजी 2019 साली गेली. बुद्धवंदना झाल्यावर लोकांनी गडणआजीला दोन शब्द बोलायला सांगितले. ती म्हणाली, “हिनं मला पानी दिलं असं म्हनू नगा. हिनं मला दोर दिला.” दोन वर्षांनी तीही गेली.

त्या पिढीतल्या मोजक्याच बाया आता उरल्या आहेत. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी वही घेऊन आपल्या आज्यांकडे, आणि आपल्या वाड्यापलीकडच्या आज्यांकडेही, जावे. सभा कधी झाली हे त्यांना विचारू नये. विहीर कुणाची होती, दोर कुणी वळला, पोहरा कुणाच्या हातात होता आणि तो कुणी कुणाला दिला, हे विचारावे. जिथे तो दिला गेला नाही, त्या गावाचीही तशीच नोंद करावी.