मोहऱ्यांवरील वेष आणि इतिहासाचा पुरावा

ऐतिहासिक वेषांतील बुद्धिबळाचे संच पाश्चात्त्य बाजारपेठांत पुष्कळ विकले जातात. एका बाजूस शिंगांची शिरस्त्राणे घातलेले व्हायकिंग व दुसऱ्या बाजूस केल्ट योद्धे, अशी मांडणी विशेष लोकप्रिय आहे. या लोकांनी बुद्धिबळ खेळल्याचा पुरावा काय, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला सहजच पडतो.

व्हायकिंगांच्या बाबतीत पुरावा म्हणून स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील लुइस बेटावर १८३१ साली उजेडात आलेल्या मोहऱ्यांकडे बोट दाखविले जाते. संग्रहालयांतील ९३ वस्तूंपैकी ७८ बुद्धिबळाचे मोहरे असून बहुतेक सर्व वॉलरसच्या दातांतून कोरलेले आहेत. ८२ वस्तू ब्रिटिश म्यूझियममध्ये व ११ स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे बाराव्या शतकाच्या अखेरीस ते घडविले गेले असावेत, असे बहुतेक विद्वान मानतात. बेटही १२६६ च्या पर्थ येथील तहापर्यंत नॉर्वेच्याच अधिराज्यात होते. हत्तीच्या घरातील काही शिपाई ढालीची कड दातांनी चावीत उभे आहेत. ते नॉर्स कथांतील युद्धोन्मत्त वीरांचे चित्र होय. परंतु शिंगे एकाच्याही शिरस्त्राणास नाहीत. आणि आपल्या उंटाच्या जागी तेथे १६ ख्रिस्ती धर्माधिकारी बसले आहेत! व्हायकिंगांचे युग अकराव्या शतकातच सरले होते. तेव्हा हे मोहरे त्यांच्या ख्रिस्ती झालेल्या वंशजांचे म्हटले पाहिजेत.

केल्टांची बाजू याहून दुबळी आहे. आयरिश कथांतील राजे 'फिदखेल' नावाचा पटावरील खेळ खेळतात, पण त्याचे नियम उपलब्ध नाहीत व तो बुद्धिबळ नव्हे. पुढे बुद्धिबळ तिकडे पोचले तेव्हा हेच जुने नाव त्यास मिळाले. त्या नावाचा अर्थ 'काष्ठप्रज्ञा' असा काहीसा होतो. आपल्या 'बुद्धिबळ' शब्दाशी हे साम्य मनोरंजक खरे. त्यावरून नाते मात्र जोडू नये.

लुइसच्या पटावरील राणीविषयीही असाच गैरसमज होतो. गालावर हात टेकून बसलेली ही राणी आज सर्वसमर्थ वाटते. त्या काळच्या नियमांप्रमाणे ती तिरपे एकच घर चालत असे. तिला दूरवरची चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली. मूळ फारसी खेळात तेथे राजाचा मंत्री होता. मराठी पटावर तो वजीर म्हणून आजही आहे. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण शह, मात, वजीर व प्यादे मराठी पटावरून हलले नाहीत.

उद्या कोणी मराठेशाहीचा संच घडवावयाचे ठरविले, तर वजिराला पगडी चढवून तो मोकळा होईल. तसे करण्यापूर्वी त्याने वासुदेवशास्त्री खरे यांचा इचलकरंजी संस्थानाचा इतिहास चाळावा. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई इचलकरंजीच्या घोरपडे घराण्यात दिली होती. पती व्यंकटराव यांच्या पश्चात संस्थानाचा कारभार दीर्घकाळ तिच्याच तंत्राने चालला. येथील पटावर राजाशेजारच्या घरात वजीर बसवावा की अनुबाई, हे त्या कारागिराला वेषावरून ठरविता येणार नाही.