‘गरीबखाना’ नेमका कुणाचा?

मुलाखती घ्यायला मेहकर तालुक्यातल्या एका गावात पहिल्यांदा गेले, तेव्हा एका आजोबांनी दारातूनच हाक दिली, “या ना मॅडम, या गरिबाच्या खोपट्यात.” मी उत्साहात वहीत ‘घराचा प्रकार: खोपटं’ असं लिहूनही टाकलं. आत पाऊल टाकलं तर ढेलज, मोकळा चौक, सागवानी खांब आणि वर माडी! नोंद खोडली. पण वहीत अशा आणखी किती नोंदी मी ऐकून-ऐकूनच केल्यात, हा प्रश्न डोक्यात राहिला. तुम्ही फील्डवर्कला निघणार असाल तर हा प्रश्न आधीच सोबत घ्या.

इंग्रजीत याला ‘हंबल अबोड’ म्हणतात. ‘हंबल’च्या मुळाशी लॅटिनमधली माती आहे, म्हणजे जमिनीलगतचं, खालचं. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये मिस्टर कॉलिन्स नावाचा पाद्री आपल्या घराला हेच शब्द वापरतो, आणि त्याच दमात ते घर एका बड्या बाईसाहेबांच्या वाड्याला किती लागून आहे तेही सांगून टाकतो. नम्रता दाखवता दाखवता मोठेपणा सांगायची ही खोड काही फक्त इंग्रजांची नाही. चिनी माणूस आपल्या घराला ‘थंड घर’ म्हणतो. आपल्याकडे आहे ‘गरीबखाना’.

या शब्दाची गंमत अशी की ‘गरीब’ हा मूळ अरबी शब्द, आणि तिथे त्याचा अर्थ परका, परदेशी. फारसी-हिंदुस्तानीत येता येता परका माणूस निराधार झाला, निराधाराचा निर्धन झाला. गरीबखान्याला जोडीदार आहे ‘दौलतखाना’. समोरच्याला विचारायचं, “आपला दौलतखाना कुठे?” आणि त्यानं उत्तर द्यायचं, “गरीबखाना अमुक मोहल्ल्यात.” ही जोडी उलटी चालत नाही. दुसऱ्याच्या घराला गरीबखाना म्हणालात तर भांडण ठरलेलं. म्हणजे हे शब्द घराचं वर्णन करतच नाहीत, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातलं अंतर सांगतात.

वऱ्हाडात असे दरबारी शब्द रुळले त्याला इतिहास आहे. १७२४ मध्ये निजामानं मुबारिजखानाला हरवलं ती लढाई आपल्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याची. पुढे १८५३ मध्ये इंग्रजांच्या हाती कारभार जाईपर्यंत वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता, मध्ये नागपूरकर भोसल्यांचाही वाटा होता. कचेरीची भाषा घरात शिरायला एवढा काळ पुष्कळ झाला.

मराठीचा स्वतःचा शब्द याहून देखणा आहे: ‘चंद्रमौळी’. चंद्रमौळी म्हणजे ज्याच्या माथ्यावर चंद्र तो, अर्थात शंकर. छप्पर इतकं फाटलेलं की घराच्याही माथ्यावर चंद्र दिसावा, म्हणून घर चंद्रमौळी. दारिद्र्याची अशी थट्टा करायला जिगर लागते, किंवा मग डोक्यावर शाबूत छप्पर लागतं.

मोडी कागद वाचणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. पत्राच्या मायन्यात ‘सेवेसी’, ‘विज्ञापना’ दिसलं की लिहिणारा नोकर असेल असं धरू नका. महादजी शिंदे उत्तरेत बादशहाचा कारभार हलवत होते आणि स्वतःला ‘पाटील’ म्हणवत होते. १७९२ मध्ये पुण्यात आल्यावर त्यांनी पेशव्यांसमोर जोडे ठेवल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्या जोड्यांवरून त्यांची ताकद मोजायला गेलात तर प्रबंध तिथेच फसला.

आता एक जोडी बघा, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ८ मे १९३३ ला गांधीजींनी २१ दिवसांचा उपास सुरू केला. त्याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्यावर ते राहिले लेडी ठाकरसींच्या टेकडीवरच्या बंगल्यात. बंगला प्रशस्त, आणि नाव ‘पर्णकुटी’! त्याच दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधलं, आपली प्रचंड ग्रंथसंपदा तिथे ठेवली, आणि नाव दिलं ‘राजगृह’, मगधाच्या जुन्या राजधानीचं. श्रीमंताच्या बंगल्याला झोपडीचं नाव शोभतं, कारण कुणी ते खरं मानणार नसतं. ज्यांना पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्यातल्या माणसानं घराला कुटी म्हणण्यात कसली आलीय नम्रता?

“गरिबाच्या घरी पायधूळ झाडा” या आमंत्रणात एक गोष्ट गृहीत असते: पाहुणा यायला तयार आहे. तो तुमच्या उंबऱ्याला शिवणारच नसेल, तुमच्या घरचं पाणी पिणारच नसेल, तर हे वाक्य कुणाला म्हणायचं? म्हणून कागदांत असे शब्द शोधताना ते कोण म्हणतंय यासोबत कोण म्हणूच शकत नव्हतं, हेही विचारा. माझ्या सिनॉप्सिसमध्ये हा प्रश्नच नव्हता.

तो सुचला त्याच गावात, दोन आळ्या सोडून. चार पत्र्यांची खोली, कुडाच्या भिंती. मजुरी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ये न माय घरात, बस.” नुसतं ‘घर’. खोपटं नाही, गरिबाचं नाही. सोयाबीनच्या दोन हंगामांची मजुरी साठवून पत्रे टाकले होते, ते त्यांनी मला हात लावून दाखवले.

तेव्हापासून वहीत तीन रकाने आखते: घरमालक काय म्हणाला, कुणाला म्हणाला, आणि मला काय दिसलं. शक्य तिथे चौथाही, ग्रामपंचायतीच्या नोंदीत काय आहे त्याचा. हे चारही जुळत नाहीत, आणि जुळवायची घाई करू नका. आजोबांच्या पहिल्या रकान्यात मी ‘खोपटं’ परत लिहिलं आहे.