बिडी, चुना आणि चघळायची गोळी



माझा धाकटा भाऊ मनोरुग्णालयात होता, तेव्हा दर रविवारी मी बोरीवली स्टेशनबाहेर बिडीचं एक बंडल घ्यायची आणि गाडी पकडायची. भाजी-भाकरीपेक्षा त्याला त्या बंडलाचीच वाट असे. एका रविवारी गेटवरच ते काढून घेतलं. बिडी आजपासून बंद! पुढच्या भेटीत तो सारखा येरझाऱ्या घालत होता, दिसेल त्याच्यावर खेकसत होता. आजार बळावला म्हणून त्याच्या गोळ्या वाढवल्या. ती तलफ होती, हे मला फार उशिरा कळलं.

मनोरुग्णालयांत एके काळी धुराला मान होता. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या काही वॉर्डांत रुग्णाने नेमून दिलेलं काम केलं की टोकन मिळे, आणि टोकनावर सिगारेट. इंग्लंडमध्ये जुलै 2007 मध्ये बंदी आली, तरी मानसिक आजारांच्या वॉर्डांना आणखी वर्षभर सूट होती. आपल्याकडे 2003 चा कायदा होताच. 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे नवे नियम लागू झाले आणि इस्पितळांत धूम्रपानाला बंदी पक्की झाली. बिडी काढून घेतली, बरं केलं. पण बदल्यात काय दिलं?

उत्तर पाणबुडीतून आलं होतं. तिथे सिगारेट ओढता येत नाही, म्हणून स्वीडनचे खलाशी तोंडात तंबाखू धरत. ते पाहून 1967 साली लुंड शहरातल्या संशोधकांनी ओवे फेर्नो या औषधतज्ज्ञाला सुचवलं, की धूर नको, नुसतं निकोटिन द्या. त्यातून चघळायची गोळी निघाली. 1978 साली स्वित्झर्लंडने तिला मान्यता दिली.

गंमत म्हणजे त्या गोळीत खारट सोडा घालतात. का? आपण तंबाखूला चुना लावतो त्याच कारणाने. त्याशिवाय निकोटिन तोंडातून रक्तात नीट उतरत नाही. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता हे ठाऊक होतं! गोळी मात्र सारखी चावायची नसते. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, थोड्या वेळाने पुन्हा चावायची. कातडीवर लावायची पट्टीही असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये हे उपचार आवश्यक औषधांच्या यादीत घेतले, आपल्या देशाने 2022 मध्ये.

आता घरच्यांच्या कामाची गोष्ट. क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी मानसिक आजाराची औषधं बिडी ओढणाऱ्याच्या शरीरात लवकर संपतात. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही. म्हणून बिडी सुटली की गोळी चघळत असला तरी त्याच औषधाचं रक्तातलं प्रमाण काही दिवसांत वाढतं. माणूस पेंगतो, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांना मात्रा कमी करावी लागते. घरी येऊन पुन्हा बिडी पेटवली, तर तीच मात्रा अपुरी पडते.

आता भाऊ घरी आहे. ओपीडीत गेलो की मी आधी सांगते, दिवसाला किती बिड्या, कधीपासून बंद. कुणी विचारलं नाही तरी सांगते.