दया स्वस्त नसते : पांजरपोळ, मळा आणि सोडून दिलेली कुत्री

भटक्या कुत्र्यांवरून सध्या जो वाद पेटलाय तो आजकालचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

६ जून १८३२. मुंबईचा कोट विभाग. कंपनी सरकारच्या हुकुमाने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालू होती आणि एका कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळत होते. आठ आणे ही तेव्हा लहानसहान रक्कम नव्हती. शिपाई पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेतात अशी लोकांची तक्रार होती. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला सगदीद म्हणतात. पारशी रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही सामील झाले. गोऱ्या पलटणीचं पाणी आणि रसद अडली. शेवटी सैन्य आणून दंगल मोडली.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरला मुंबईचा पांजरपोळ उभा केला. मारू नका म्हणणाऱ्यांनीच मग ठेवायचं कुठे आणि खायला कोण घालणार, याचं उत्तर दिलं. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून लाग बसवली आणि त्या पैशावर जनावरं पोसली. म्हणजे दयेचा खर्च दया दाखवणाऱ्यांनी उचलला.

हीच रीत पुढे गावोगावी गेली. आपल्या नाशिकचा पंचवटी पांजरपोळ १८७८ चा. चुंचाळे शिवारातली त्याची आठशे एकरांच्या घरातली जमीन २०२३ मध्ये बातम्यांत होती. उद्योगांसाठी ती द्यावी अशी मागणी झाली आणि तिथली झाडं, तळी वाचवायला नाशिककर उभे राहिले. त्या वादात कंपन्या आल्या, झाडं आली, ऑक्सिजन आला. पण एवढी जमीन मुळात जनावरं सांभाळायला लागते, हे कुणी फारसं बोललं नाही. आणि एक गंमत बघा. मुंबईत पांजरपोळाची सुरुवात कुत्र्यांच्या निमित्ताने झाली, पण आज पांजरपोळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गाय येते. कुत्रं त्यातून कधी बाहेर पडलं, कुणाच्या लक्षातही नाही.

बाहेर पडलेलं कुत्रं गेलं कुठे? शहरात ते मारलंच जात होतं. मुंबई महापालिका १९९४ पर्यंत दरवर्षी हजारो कुत्री मारत होती. संख्या काही कमी झाली नाही. उकिरडा तसाच राहिला की जागा रिकामी राहत नाही, शेजारच्या गल्लीतली कुत्री येतात. म्हणून २००१ मध्ये नियम आले: पकडा, नसबंदी करा, लस टोचा, होतं तिथेच सोडा. २०२३ च्या नियमांत ही जबाबदारी महापालिका, नगरपालिकांबरोबर पंचायतींवरही आली.

आणि खेड्यात? खेड्यात कुत्रं कायम कामाला होतं. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये काशाच्या मूर्ती सापडल्या. त्यातल्या बैलांच्या रथावर माणसासोबत कुत्रंही उभं आहे. वस्तू चार हजार वर्षांच्या आसपासच्या मानल्या जातात. खंडोबाजवळ कुत्रं आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत. धनगराच्या वाड्यावरचं कुत्रं तर लांडग्या-बिबट्यासाठी गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून मेंढरांमागे फिरतं. गावठी कुत्र्याला पगार नव्हता, पण भाकरी होती आणि जागा होती.

मी सिन्नर तालुक्यात मळ्यात राहतो. दारात पाच कुत्री आहेत. यातलं एकही आम्ही आणलेलं नाही. दोन रस्त्याच्या कडेला पोत्यात सापडली, एक महागड्या जातीचं, गळ्यात पट्ट्यासकट. शहरातल्या फ्लॅटमध्ये नकोसं झालं की गाडीत घालायचं, हायवेने यायचं आणि मळ्यांची वस्ती दिसली की सोडून द्यायचं. "शेतावर मोकळं राहील बिचारं," हा वर विचार! आमच्या पट्ट्यात एकही मळा असा नसेल जिथे असं एखादं कुत्रं आलेलं नाही.

मोकळं म्हणजे काय, ते इथे राहिल्यावर कळतं. ऊस वाढला की बिबट्या येतो. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेळ्या त्या मानाने कितीतरी कमी. गावठी कुत्रं निदान वास आला की गोठ्याकडे सरकतं, भुंकून घर उठवतं. सोफ्यावर वाढलेलं कुत्रं अंधारात शेपूट हलवत पुढे जातं. आमच्याकडचं एक असंच गेलं. सकाळी नुसता पट्टा मिळाला.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कुत्रेप्रेमी म्हणून शिक्का बसेल. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षाला १८ ते २० हजार माणसं, त्यात लहान मुलं बरीच. एकेकाळी कुत्रं चावलं की पेशंटला रेल्वेत बसवून कसौलीला न्यावं लागे, कारण तिथली १९०० ची पाश्चर संस्था ही देशातली पहिली. आज लस तालुक्याला मिळते, तरी माणसं मरतात. ज्याचं पोर गेलं त्याला भूतदया शिकवायला मी जाणार नाही.

आता कोर्टाकडे येऊ. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात टाका म्हटलं. २२ ऑगस्टला ते बदललं: रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून बाकीची नसबंदी-लस करून परत सोडा. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशनच्या आवारातली हलवा आणि तिथे परत सोडू नका. आदेशावर कुणी खूश, कुणी नाराज. पण निवारा म्हणजे जमीन, पाणी, डॉक्टर, रोजचं खाणं आणि साफसफाईला माणूस. चुंचाळ्याचा पांजरपोळ डोळ्यासमोर आणा, मग कळेल. त्याची तरतूद कुठल्या बजेटमध्ये आहे, हे आपण आपापल्या नगरसेवकाला, सरपंचाला विचारलं का?

१८३२ च्या मुंबईत दोन बाजू होत्या, पण एका बाजूने नंतर खिशात हात घातला. आज "मारा" म्हणणारा आणि "वाचवा" म्हणणारा दोघंही मोबाईलवर भांडतात आणि कुत्रं शेवटी येतं कुणाच्या तरी मळ्यात. खर्च शेतकऱ्याचा, धोकाही त्याच्याच पोरांना.

म्हणून मागणं साधं आहे. पंचायत समितीच्या पातळीवर नसबंदी आणि लसीकरणाची फिरती गाडी हवी. पुढच्या ग्रामसभेत हा विषय लिहून द्या, ठराव घ्या. शहरातल्या मित्रांनो, कुत्रं आणताना बारा-तेरा वर्षांचा हिशोब करा. आणि नाहीच जमलं तर रात्री गाडी थांबवून पळू नका. दिवसा या, घरच्यांना विचारा, लसीचे पैसे द्या. आम्ही भाकरी घालतोच.

ग्रामसभेचा ठराव झाला तर कमेंटमध्ये गावाचं नाव नक्की टाका. त्याची बातमी मी करीन.