मानसिक सेवाश्वानाच्या जातीची निवड

मानसिक सेवाश्वान म्हणजे मनोविकारामुळे दैनंदिन जीवनात अडथळे येणाऱ्या व्यक्तीला ठरावीक कामांत मदत करण्यासाठी प्रशिक्षित केलेला कुत्रा होय. त्याची निवड करताना स्वभाव, आकार, आरोग्य व हवामान हे निकष पाहिले जातात. वऱ्हाडातील अमरावती व अकोला या उष्ण जिल्ह्यांत हवामानाचा निकष निर्णायक ठरतो, कारण या कामासाठी प्रचलित असलेल्या बहुतेक जाती थंड प्रदेशांत विकसित झालेल्या आहेत.

कार्य
दुःस्वप्नातून जागे करणे, भीतीच्या झटक्यात अंगावर भार देऊन शांत करणे, स्वतःला इजा करण्याची कृती थांबवणे, गर्दीतून बाहेर नेणे व औषधाच्या वेळेची आठवण देणे ही त्याची प्रमुख कामे आहेत. केवळ सहवासाने धीर देणाऱ्या पाळीव कुत्र्याला सेवाश्वान म्हणत नाहीत. अमेरिकेतील अपंगत्वविषयक कायदाही हाच भेद मानतो. मात्र तो सेवाश्वानासाठी कोणत्याही जातीची अट घालत नाही.

स्वभाव
कुत्रा निर्भय, माणसाळलेला, आवाजाने न बिथरणारा व शिकण्यास उत्सुक असावा. राखणदारीची तीव्र वृत्ती येथे दोष ठरते. धन्याची अस्वस्थता ओळखून असा कुत्रा अनोळखी व्यक्तींवर भुंकू लागला, तर धन्याची भीती कमी होण्याऐवजी बळावते. एकाच वेतातील पिल्लांचे स्वभावही भिन्न असतात. त्यामुळे जातीपेक्षा प्रत्यक्ष कुत्र्याची पारख अधिक महत्त्वाची मानली जाते. कोवळ्या वयातील चाचण्यांवरून प्रौढ स्वभावाचा अंदाज मर्यादितच येतो.

प्रमुख जाती
लॅब्राडोर रिट्रीव्हर व गोल्डन रिट्रीव्हर यांना त्यांच्या सौम्य व आज्ञाधारक स्वभावामुळे सर्वाधिक पसंती मिळते. दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा विकार आढळतो. लॅब्राडोर लवकर लठ्ठही होतो. पूडलचे केस कमी गळतात, परंतु ते नियमित कापावे लागतात. जर्मन शेफर्ड बुद्धिमान असला तरी त्याची राखणदारीची वृत्ती तपासून घ्यावी लागते. पगसारख्या आखूड नाकाच्या जातींना उष्माघाताचा धोका अधिक असतो. महाराष्ट्र व कर्नाटकातील कारवान किंवा मुधोळ ही शिकारी जात उष्णता सहन करते. पण ती स्वतंत्र वृत्तीची व परक्यांपासून अलिप्त राहणारी असते. गावठी कुत्रा काटक व हवामानाला सरावलेला असतो. लहानपणापासून माणसांत व गर्दीत वावरलेल्या शांत गावठी कुत्र्याचा विचार करता येतो.

वऱ्हाडातील परिस्थिती
अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीराची उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे दाट केसांच्या व वजनदार कुत्र्याला दुपारी बाहेर नेणे धोक्याचे असते. तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे तळवेही भाजतात. परिणामी ज्या वेळी धन्याला बाजारात किंवा दवाखान्यात सोबतीची गरज असते, नेमक्या त्याच वेळी कुत्रा घरी ठेवावा लागू शकतो. गोचिडांमुळे होणारे ताप आणि रेबीजची वार्षिक लस यांकडेही लक्ष द्यावे लागते. अकोला येथे स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे.

शेतकरी आत्महत्यांमुळे या भागातील मानसिक आरोग्याचा प्रश्न गंभीर बनला आहे. कर्जबाजारी कुटुंबासाठी मोठ्या कुत्र्याचा आहार, उपचार व प्रशिक्षण यांचा खर्च नवे ओझे ठरू शकतो. प्रशिक्षणास साधारणतः दीड ते दोन वर्षे लागतात. आजार बळावल्यास कुत्र्याची देखभाल कोण करणार, हेही आधीच ठरवावे लागते. सेवाश्वान हा उपचाराला पूरक असतो, पर्याय नव्हे. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा (१४४१६) २०२२ पासून उपलब्ध आहे.

कायदा
भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश आहे. मात्र त्यात सेवाश्वानाची व्याख्या नाही. श्वान प्रजनन व विपणन नियम, २०१७ नुसार प्रजनन करणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक असून आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही.